चित्राचा धनी कोण?

परीक्षणासाठीं समोर छापील ग्रंथच असला पाहिजे, असा आपल्याकडील समीक्षकांचा समज दिसतो. नाटक, कादंबरी आणि कवितासंग्रह यांच्यापलीकडे पाहण्याची सवड त्यांना सहसा होत नाहीं. परंतु ज्या लिखाणाचा अंमल असंख्य माणसांच्या वागणुकीवर चालतो, तें लिखाण केवळ नियमांचें असलें तरी वाचून पाहण्याच्या योग्यतेचें असतें. आणि त्यांतील विचार सरळ आहे कीं वांकडा, भाषा स्वच्छ आहे कीं गढूळ, हें सांगणें समीक्षेच्या कक्षेबाहेरचें नाहीं. असेंच एक लिखाण आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. विकिपीडिया या सर्वांनीं मिळून लिहावयाच्या ज्ञानकोशाला चित्रें पुरविणारें विकिमीडिया कॉमन्स नांवाचें एक भांडार आहे. त्या भांडारांत चित्र ठेवूं इच्छिणाऱ्यासाठीं केलेले प्रताधिकाराचे आणि परवान्याचे नियम, हा आजचा परीक्षणविषय होय.

या नियमांकडे आमचें लक्ष वळलें तें एका घरगुती कारणानें. आमचें वास्तव्य कळंबोलीस आहे. शेजारच्या एका विद्यार्थ्यानें गांवाविषयीं विकिपीडियासाठीं कांहीं मजकूर लिहिला आणि सोबत लावावयास एक छायाचित्र घेऊन तो आमच्याकडे आला. पावसाळ्यांतील संध्याकाळ, महामार्गावर एकामागें एक थांबलेल्या मालमोटारींचे लाल दिवे, आणि ओल्या रस्त्यावर पडलेलें त्यांचें प्रतिबिंब. चित्र खरोखर सुंदर होतें. आम्ही दोघे संगणकापुढें बसलों. तेथें आरंभींच प्रश्न आला: हें चित्र कोणीं काढलें? चित्र मुलाच्या मोबाईलवर त्याच्या मामाकडून आलें होतें. मामाला तें कचेरींतील एका गृहस्थानें पाठविलें होतें. आणि आपल्याला तें कोठून आलें हें त्या गृहस्थाला आठवत नव्हतें. चार दिवस विचारपूस केली, पण चित्र काढणाऱ्याचा ठाव लागला नाहीं. चित्र राहिलें. पुष्कळांनीं तें पाहिलें होतें, वाखाणलें होतें, पुढें धाडलें होतें. परंतु भर पावसांत उभें राहून ज्यानें तें टिपलें त्याचें नांव विचारण्याचें त्यांपैकीं एकालाहि सुचलें नव्हतें. आम्हांलाहि तें सुचलें नव्हतें; एका कोऱ्या चौकटीनें विचारलें तेव्हां सुचलें. ही गोष्ट मनाला लागली, आणि आम्ही ते नियम मुळापासून वाचावयास घेतले.

कळंबोली हें कांहीं पुराणप्रसिद्ध क्षेत्र नव्हे. पनवेल तालुक्यांतील हें जुनें खेडें. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवी मुंबई वसविली तेव्हां त्याचें शहर झालें. मुंबईच्या दाटींतून हलविलेल्या लोखंड-पोलादाच्या व्यापारासाठीं येथें बाजार उभारला गेला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचा आरंभ येथूनच होतो. आणि २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेंत आहे. या गांवावरून जाणारे पुष्कळ, त्याच्याकडे थांबून पाहणारे थोडे. अशा गांवाचें चित्र राजवाड्यांच्या आणि लेण्यांच्या मागें लागलेला प्रवासी काढणार नाहीं; तें येथें राहणाऱ्यांनींच काढून दिलें पाहिजे. म्हणून चित्रांविषयींचे हे नियम आम्हां कळंबोलीकरांना परके नाहींत.

मराठी वाचकाला ज्ञानकोश नवा नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं मंडळी स्थापून, भाग विकून, वर्गणीदार मिळवून आणि अनेक हातांनीं लिहवून महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, ही कथा घरोघरीं सांगितली जात असे. १ मे २००३ रोजीं आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाची जात निराळी. तेथें भाग नाहींत आणि वर्गणीदारहि नाहींत. लिहिणारा बिनपगारी आणि वाचणारा बिनवर्गणी. केतकरांच्या कोशांत एखादी चूक राहिली तर जबाब देण्यास संपादक समोर होते. येथें लिहिणारे अनेक आणि बहुतेक अनोळखी. म्हणून जी जबाबदारी पूर्वीं एका माणसाच्या नांवावर उभी होती, ती आतां नियमांवर उभी करावी लागली आहे. चित्रांचें सामाईक भांडार सप्टेंबर २००४ मध्यें निघालें. त्यानंतर सर्व भाषांचे विकिपीडिया एकाच कोठारांतून चित्रें घेऊं लागले, आणि म्हणून त्या कोठाराच्या दाराशीं पहारा कडक झाला.

नियमांचा गाभा थोडक्यांत असा: येथें ठेवलेलें चित्र कोणीहि कोणत्याहि कामासाठीं, व्यापारासाठींसुद्धां, वापरावें, त्याच्या नकला काढाव्या, त्यांत फेरफार करावा, अशी हक्कदाराची स्पष्ट मोकळीक असली पाहिजे, नाहींतर त्या चित्रावरील हक्काची मुदत तरी संपलेली असली पाहिजे. मोकळीक देणाऱ्याला मुख्यतः दोन अटी घालतां येतात. एक, चित्राबरोबर आपलें नांव सांगितलें जावें; दुसरी, आपल्या चित्रावरून जें नवें चित्र होईल तेंहि त्याच अटींवर मोकळें राहावें. व्यापाराला किंवा फेरफाराला मनाई करणारी अट घातल्यास चित्र स्वीकारलें जात नाहीं. आणि एकदां दिलेली मोकळीक परत घेतां येत नाहीं. या परवान्यांचे मसुदे क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें प्रथम २००२ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केले.

व्यापाराला मोकळीक कां, असा प्रश्न कोणाहि गृहस्थाच्या मनांत प्रथम उभा राहील. आपण फुकट द्यावें आणि दुसऱ्यानें त्यावर पैसा मिळवावा, हा कोठला न्याय? आम्हांसहि आरंभीं असेंच वाटलें. परंतु विचार करतां दिसतें कीं, तालुक्याच्या गांवीं शाळेचें पुस्तक छापणारा प्रकाशक, चार पानांचें साप्ताहिक चालविणारा संपादक, दिवाळी अंक काढणारें मंडळ, हे सर्व कायद्याच्या दृष्टीनें विक्री करणारेच आहेत. त्यांना दार बंद केलें तर ज्ञान संगणकापुढें बसणाऱ्यापुरतेंच राहील. शिवाय मोफत आणि मुक्त हे दोन शब्द एक नव्हेत. मोफत म्हणजे किंमत नाहीं. मुक्त म्हणजे अडसर नाहीं, पण उपकाराची ओळख आहे. मुक्त परवान्यानें दिलेल्या चित्राखालीं कर्त्याचें नांव घालण्याची अट ज्यानें पाळली नाहीं, त्याची मोकळीक तेवढ्यापुरती संपते. दान घेणाऱ्यानें दात्याचें नांव घ्यावें, एवढीच ही अपेक्षा आहे, आणि ती आपल्या संस्कारांना धरून आहे.

तथापि या नियमांतील सर्वांत मोलाचा भाग परवान्याचा नव्हे, त्यापूर्वींच्या प्रश्नांचा आहे. कर्ता कोण? मूळ कोठलें? काल कोणता? परवानगी कोणाची? राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, त्या काळापासून आपले संशोधक प्रत्येक कागदाला याच तऱ्हेचे प्रश्न विचारीत आले. कागद कोणाच्या दप्तरांतला, कोणाच्या हातचा, कोणत्या तिथीचा, हें ठरल्यावांचून त्याला साधन म्हणत नसत. कागदाच्या बाबतींत ही शिस्त आपण शिकलों. चित्राच्या बाबतींत मात्र शिकलों नाहीं. चित्र म्हणजे भिंतीवर लावावयाची शोभा, तिला कुळ आणि गोत्र कशाला, अशी आपली वृत्ति राहिली. या वृत्तीनें काय होतें, याचें एक ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे.

दिव्याची ज्योत हाताच्या आडोशाला धरून उभी असलेली एक स्त्री, बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि त्या प्रकाशांत उजळलेला तिचा चेहरा. हें चित्र दिनदर्शिकांवरून, दुकानांच्या भिंतींवरून आणि आतां मोबाईलवरून पाहिलेलें नाहीं असें घर विरळा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रसंग्रहांत तें आहे. तें कोणाचें म्हणून विचारलें तर बहुतेक सुशिक्षित माणूस क्षणाचाहि विलंब न लावतां राजा रविवर्म्याचें नांव सांगतो. वस्तुतः तें सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें. १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीलाच समोर उभी करून त्यांनीं तें जलरंगांत रंगविलें. रविवर्म्याची कीर्ति तैलरंगांची; माध्यम पाहिलें असतें तरी शंका यावी. पण रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, पुढें तो घाटापलीकडे मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या शिळाछापांनीं त्याचें नांव इतक्या देवघरांत नेऊन पोंचविलें कीं, जें चित्र सुंदर तें त्याचेंच, असा लोकांचा हिशेब बसला.

आतां ही चूक नियमांच्या कसोटीवर लावून पाहूं. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तला. त्याच्या चित्रांवरील हक्क केव्हांच संपले, तीं सर्वांचीं झालीं. हळदणकर १९६८ सालीं वारले. आपल्या देशांत चित्रकाराच्या कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षें राहतो. म्हणजे हळदणकरांच्या चित्रावरील हक्क २०२८ अखेरपर्यंत जिवंत आहे. चित्र एकच, नांव एक लावलें तर मोकळें, दुसरें लावलें तर बांधलेलें. ज्यानें रविवर्म्याचें म्हणून तें भांडारांत ठेवलें, त्यानें कायदा मोडला तो लोभानें नव्हे, तर नांव चुकल्यानें. आणि कायद्याचें बाजूस ठेवलें तरी एका मराठी चित्रकाराच्या उत्कृष्ट कृतीचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडतें, तें वेगळेंच. 'कर्ता कोण' ही चौकट भरून घेणारा नियम रुक्ष वाटतो खरा. परंतु हळदणकरांची बाजू घेणारा तोच एक साक्षीदार आहे.

देशाच्या कायद्याचीं आणखी दोन कलमें प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखीं आहेत. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा; १९५८ च्या जानेवारींत तो अमलांत आला. त्यापूर्वीं घेतलेल्या छायाचित्राची मुदत तें घेतल्यापासून पन्नास वर्षें, असें हें भांडार धरतें. म्हणून आजोबा-पणजोबांचीं तेव्हांचीं छायाचित्रें आपल्या देशांत आतां मोकळीं झालीं आहेत. त्यानंतरच्या छायाचित्रांना २०१२ च्या दुरुस्तीपासून चित्रकाराप्रमाणेंच कर्त्याचें आयुष्य आणि त्यापुढें साठ वर्षें अशी मुदत मिळाली. दुसरें कलम अधिक गमतीचें आहे. पैसे देऊन कोणाकडून छायाचित्र काढवून घेतलें, आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला मालक काढवून घेणारा. परंतु कर्ता मात्र छायाचित्रकारच. म्हणजे लग्नाच्या चित्रावरील हक्क वधूवरांच्या घरचा, आणि त्या हक्काचें आयुष्य मोजावयाचें तें छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून! ज्या घराला आपल्या छायाचित्रकाराचें नांवच ठाऊक नाहीं, त्या घराला आपल्याच मालमत्तेची मुदत काढतां यावयाची नाहीं. नांव विसरणें हा केवळ अविवेक नव्हे, तो तोटाहि आहे.

हाच कायदा रस्त्यावरील माणसाला एक उदार सवलत देतो. इमारतीचें छायाचित्र घेण्यास आणि प्रसिद्ध करण्यास वास्तुशिल्पज्ञाची परवानगी लागत नाहीं. सार्वजनिक जागीं, किंवा जेथें लोकांना जातां येतें अशा आवारांत, कायमच्या बसविलेल्या शिल्पाचेंहि तसेंच. आमच्याच रायगड जिल्ह्यांत, अलिबागजवळ सासवणें येथें विनायक पांडुरंग करमरकर यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे. करमरकर १९६७ सालीं वारले, म्हणजे त्यांच्या कृतींवरील हक्क २०२७ अखेरपर्यंत चालू. तरी तेथें कायम असलेल्या शिल्पाचें आपण स्वतः घेतलेलें छायाचित्र या सवलतीमुळें भांडारास देतां येतें. मात्र जागेच्या मालकानें चित्र घेण्यास मनाई केली तर तो प्रश्न निराळा. ही सवलत भिंतीवर रंगविलेल्या चित्राला लागू नाहीं. पुलाच्या खांबावर कोणी चित्र रंगविलें, तर खांबाचें छायाचित्र निर्वेध, खांबावरील चित्राचें सदोष! दगड कोरणाऱ्यानें रस्त्याला दिलें तें सर्वांचें, आणि रंगविणाऱ्यानें दिलें तें मात्र एकट्याचें, या भेदांत आम्हांस कांहीं तत्त्व दिसत नाहीं. हा दोष भांडाराच्या नियमांचा नव्हे, कायद्याचा आहे. नियम केवळ त्याच्या मागून चालतात.

परंतु नियमांचे स्वतःचे दोषहि आहेत, आणि ते न सांगणें हें परीक्षण नव्हे. पहिला दोष शब्दांचा. स्वतःची कृति कोणती, हें नवख्याला उमगेल अशा रीतीनें सांगितलेलें नाहीं. भिंतीवरील जुन्या छायाचित्राचें आपण मोबाईलनें छायाचित्र घेतलें, तर बटण आपण दाबलें असल्यामुळें तें आपलेंच, असें भाबडा माणूस समजतो आणि तसें लिहून मोकळा होतो. तो खोटें बोलत नसतो; त्याला कृति आणि नक्कल यांतील अंतर कोणीं सांगितलेलें नसतें. एक साधें उदाहरण दिलें असतें तर हे घोटाळे पुष्कळ टळते. दुसरा दोष दुहेरी कायद्याचा. मूळ देशांत चित्र मोकळें असून भागत नाहीं, तें अमेरिकेंतहि मोकळें असावें लागतें. भांडार तेथील असल्यामुळें हें अपरिहार्य असेल. परंतु त्यामुळें आपल्याकडे मुक्त झालेलें जुनें चित्रहि कधीं कधीं दाराशीं अडतें, आणि हें कां अडलें हें साध्या मराठींत सांगणारा कोणी भेटत नाहीं. तिसरा दोष कागदपत्रांचा. चित्र दुसऱ्याचें असलें तर त्याची लेखी परवानगी ठरलेल्या शब्दांत मागवावी लागते. ज्यानें उभें आयुष्य काळोख्या खोलींत चित्रें धुण्यांत घालविलें, त्या वृद्ध छायाचित्रकाराकडून असा मजकूर मिळविणें म्हणजे त्याला न्यायालयांत उभें करण्यासारखेंच होय. नियमांचा हेतु त्याच्या हक्काचें रक्षण करण्याचा. पण भाषा अशी कीं, त्यालाच धाक वाटावा.

एक आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाहीं. असें म्हणतात कीं, चित्र लोकांत फिरूं लागलें म्हणजे तें लोकांचेंच झालें. मग हे प्रश्न कशाला? ओव्या आणि कहाण्या कोणाच्या हें आपण कधीं विचारलें? हा युक्तिवाद वरवर गोड आहे. ओवी जिनें रचली तिचें नांव आपण जपलें नाहीं, हें आपलें भूषण नव्हे. जात्यावर बसलेल्या त्या बायांचीं नांवें आज कोणी सांगूं शकला असता तर आपण त्याला डोक्यावर घेतलें असतें. जें एकदां हरवलें तें लोकांचें म्हणून गौरवावें हें ठीक. पण जें अजून हातांत आहे तें आपण होऊन हरवून टाकावें आणि त्यालाहि तेंच नांव द्यावें, हें ठीक नाहीं.

एकंदरींत पाहतां हे नियम भाषेनें रुक्ष, मांडणीनें किचकट, पण मुळांत न्यायी आहेत. ते आपल्याला कायदा शिकवितात त्यापेक्षां ऋण ओळखावयास अधिक शिकवितात. आणि ज्या समाजांत चित्र पुढें धाडणें हाच चित्राचा उपभोग झाला आहे, त्याला या शिकवणीची गरज आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुने संग्रह असतील त्यांना एक विनंति करून हा लेख पुरा करतों. पूर्वींचे छायाचित्रकार चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत, आणि त्या पुठ्ठ्याच्या खालच्या अंगास आपलें नांव व गांव उठवीत. मोबाईलनें नक्कल काढतांना आपण चेहरे तेवढे घेतों आणि पुठ्ठा कापून टाकतों. यापुढें पुठ्ठ्यासकट नक्कल घ्यावी. मागच्या बाजूस कांहीं लिहिलेलें असल्यास तीहि बाजू घ्यावी. आणि घरांतील वडील माणसें आहेत तोंवर, चित्रांत कोण आहेत याबरोबरच चित्र कोणीं काढलें हेंहि त्यांना विचारून ठेवावें. आमच्या शेजारच्या मुलानें पुढच्या पावसांत महामार्गावर स्वतः उभें राहून एक चित्र काढलें. पहिल्याइतकें तें सुंदर नाहीं. एक मालमोटार अर्धी कापली गेली आहे आणि दिवे किंचित हलले आहेत. पण कर्ता कोण, या प्रश्नापुढें त्यानें आपलें नांव लिहिलें, आणि चित्र आंत गेलें.